बादलीतली पाहुणी

मोरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे न्हाणीघरातली मोरीच येते. मी घाटावरची, कोल्हापूरची. धाकट्या बहिणीला कोकणात दिली, तारकर्लीला. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या घरी गेले, तेव्हा तिच्या सासूबाईंनी हातपाय धुवायला पाणी दिलं नि विचारलं, "बाय, मोरी खातस मां?" मी चाट! बहीण पदराआड हसत होती. मागाहून कळलं की मालवणात मोरी म्हणजे मुशी, म्हणजेच आपण ज्याला शार्क म्हणतो तो मासा. त्याचं भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण लावून झणझणीत कालवण करतात, त्याला नावही मोरीचं मटण. काटा म्हणून नाही, मधे एक मऊ कुर्चेचा दांडा तेवढा. घाटावरच्या माणसाला कोकणातला हा मासा सगळ्यांत सोपा. त्या दिवसापासून मी मोरीची भक्त झाले.

त्या भक्तीची परीक्षा गेल्या फेब्रुवारीत झाली, तीच गोष्ट आज सांगायची आहे.

निमित्त भाचीच्या बाळंतपणाचं. पहिलटकरीण, माहेरी आलेली. मुलगी झाली. बारसं आटोपलं, पण मला तेव्हा जायला जमलं नव्हतं. मग आमचे हे म्हणाले, "चल, चार दिवस जाऊन येऊ. तुझी भाची, माझा समुद्र." दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरलो की हवाच बदलते. अंगावरची शाल आपोआप खाली येते. कणकवली, कसाल, कट्टा करत दुपारी मालवण. तिथून तारकर्ली जेमतेम सहा-सात किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माडांच्या बागा, मधूनच जांभ्या दगडाची कुंपणं आणि आता प्रत्येक तिसऱ्या घरावर खोल्या मिळतील अशी पाटी. बहिणीनंही मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. सकाळी घावणे नि रस, रात्री मासे-भात. संसाराला तेवढाच हातभार.

तारकर्लीचा किनारा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी थंडी सरता सरता जावं. सुरूच्या बनातून बाहेर पडलं की एकदम पांढुरकी वाळू नि मोकळा समुद्र. या दिवसांत पाणी इतकं नितळ असतं की गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर पायाची बोटं मोजता येतात. दक्षिणेला चालत गेलं की देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र नि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. टोकाला दोघींचा संगम. उत्तरेला मालवणच्या बंदरासमोर सिंधुदुर्ग. महाराजांनी १६६४ साली त्याच्या बांधकामाला हात घातला. त्या किल्ल्याच्या आसपास खडक आहेत, प्रवाळ आहेत. तेवढ्यासाठी १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. कोळी बांधवांना मात्र पोटावर पाय येईल ही भीती तेव्हापासून वाटत आली आहे, आणि ती उगाच आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पहिल्या संध्याकाळी देवबागच्या वाळूत मला एक गंमत सापडली. मुठीत मावेल एवढी, तपकिरी, चामड्याची असावी तशी चपटी पिशवी. कडेला केसासारखे धागे. एका बाजूला फट, आत रिकामी. ह्यांनी पाहिली नि म्हणाले, "कुणा पर्यटकाच्या पर्सचा तुकडा असेल, टाक." पण बायकांच्या हाताला काही फेकवत नाही. मी ती रुमालात बांधून घेतली.

घरी मात्र वातावरण जड होतं. बाळ अठरा दिवसांचं, पण वजन म्हणावं तसं वाढत नव्हतं. भाची रडवेली. येणारी प्रत्येक बाई विचारी, "दूध पुरतं ना गं?" तिनं मान खाली घालायची. मैत्रिणींनो, आपण सगळ्या या खोलीतून गेलो आहोत. अंगात ताप असल्यासारखं वाटतं, छाती ठणकते आणि जो तो आपल्याकडे आटलेल्या विहिरीकडे पाहावं तसं पाहतो.

बहिणीच्या सासूबाईंना सारं घर आये म्हणतं. ऐंशीच्या पुढच्या. तरुणपणी डोक्यावर पाटी घेऊन मालवणच्या बाजारात मासे विकलेल्या. त्यांनी निकाल देऊन टाकला. "मोरी हाडा गो. मोरयेचा कालवण पोटात गेला की दुदाचे पाट व्हावतले. माझ्या पाचय बाळंतपणांत माझ्या आवशीन माका मोरीच घातल्यान."

झालं. मोरी आणायची कामगिरी माझ्याकडे आली. मावशी मासे घ्यायला उत्साही, शिवाय सकाळी रापण ओढणार होते, ती मला पाहायचीच होती.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकत जातात. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. मग पंधरा-वीस माणसं या दोराला, पंधरा-वीस त्या दोराला, एका तालात मागे सरकत ओढत राहतात. यंत्र नाही, इंजिन नाही. जे येईल ते वाटून घ्यायचं, हा इथला जुना रिवाज. आमच्या ह्यांनीही धोतर नसताना धोतर खोचल्याचा आव आणून दोराला हात लावला. दोन तासांनी जाळं किनाऱ्याला लागलं. आत तारली, पेडवे, थोडे बांगडे, चार-दोन खेकडे. आणि त्या चांदीच्या ढिगात एक मातकट रंगाची, दोन फुटांची, सुस्त मासोळी. शेपूट लांबलचक, डोळे मांजरासारखे लांबट, तोंडाशी दोन बारीक मिश्या.

"मोरी!" मी ओरडलेच.

रापणकरांना तिचं फारसं कौतुक नव्हतं. बाळंतिणीसाठी म्हटल्यावर एकानं पैसेसुद्धा घेतले नाहीत. शेजारचा एक मुलगा तिथं होता. हा पर्यटकांना पाठीवर हवेची नळकांडी बांधून समुद्राखाली नेतो. त्यानं बादलीत समुद्राचं पाणी भरून तिला आत ठेवलं. म्हणाला, "काकी, ही चिवट असते. पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते. ताजी राहील." आमची वरात घरी आली.

पडवीत विळी मांडली. बहीण पदर खोचून बसली. आयेंना आता नीट दिसत नाही, त्यांनी बादलीत हात घालून मोरी चाचपली. डोकं, पाठ, मग पोट. अंगठा एकदा पुढे, एकदा मागे. आणि एकदम म्हणाल्या, "थांब! विळी आडवी कर. ही पोटुशी असा."

"कशावरून आये?"

"हात लाव. दोनय बाजूंक कडक लागता. बाळंतिणीच्या घरात पोटुशी कापूची नाय. जावा, सोडून येवा तिका."

बहीण गोंधळली. खरंच होतं तिचं. ती म्हणाली, "अहो आये, बांगड्याच्या पोटात गाबोळी असतेच की! ती तर आपण आवडीनं तळून खातो."

आये क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "गाबोळयेची गोष्ट येगळी. ही घरात जिती इली. जिती इली ती पाहुणी."

यावर वाद घालणार कोण? पण बहिणीचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. गाबोळी चालते, मग ही का नाही? मी त्या शेजारच्या मुलाला विचारलं आणि त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मोरी खाते, पण तिच्याविषयी विचारलं कधी नव्हतं.

पहिली गोष्ट, मोरी हे एका माशाचं नावच नव्हे. आपण सगळ्या लहान शार्कना सरसकट मोरी किंवा मुशी म्हणतो. बादलीतली होती तिला पुस्तकात राखी बांबू शार्क म्हणतात. पर्यटक हिला कॅटशार्क, म्हणजे मांजर-शार्क म्हणतात, पण खऱ्या मांजर-शार्कचं कुळ निराळं. म्युलर आणि हेन्ले या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८ साली हिचं वर्णन केलं. हिची लांबी फार तर अडीच फूट. पिल्लांच्या अंगावर गडद पट्टे असतात, वाढत्या वयात ते पुसट होत जातात. दिवसा खडकाच्या कपारीत पडून राहायचं, रात्री बाहेर पडून तळाची कोळंबी, खेकडे, लहानसहान मासे शोधायचे. शार्क म्हटलं की सिनेमात सारखा पोहणारा राक्षस दाखवतात. ही बिचारी तळाशी निवांत पडून तोंडानं पाणी ओढते आणि कल्ल्यांवरून सोडते, तसाच श्वास घेते. माणसाला तिच्यापासून काही भय नाही. नात्यानं मात्र मोठ्या घरची. व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा, तो आणि ही एकाच गणातली.

दुसरी गोष्ट आपल्या बायकांच्या जिव्हाळ्याची. मुशी-मुशीचं बाळंतपण वेगळं असतं. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात पुष्कळदा येते ती फावड्यासारख्या चपट्या नाकाची लहान मुशी. तिची पिल्लं आईच्या पोटातच वाढतात, आणि ऐका, चक्क नाळेनं जोडलेली असतात! माशाला नाळ, मला तर खरंच वाटेना. बादलीतली मात्र अंडी घालणारी. पण अंडी म्हणजे गाबोळी नव्हे. एकेका अंड्याभोवती चामड्यासारखी चिवट पिशवी तयार होते, साधारण एका वेळी दोन, डावीकडे एक, उजवीकडे एक. आयेंच्या अंगठ्याला लागल्या त्या ह्याच.

मी धावत जाऊन रुमाल आणला. "ही बघ रे, ही पिशवी?"

"हीच की काकी! निदान हिच्याच कुळातली. ह्यातलं पिल्लू केव्हाच बाहेर पडलं असणार."

ह्यांनी घसा खाकरला आणि पर्सचा विषय पुन्हा काढला नाही.

आई ती पिशवी खडकापाशी, प्रवाळापाशी ठेवते नि निघून जाते. आत बलकाची शिदोरी असते. पिल्लू ती पुरवून पुरवून खातं, काही महिने आतच वाढतं आणि अर्ध्या वितीएवढं होऊन बाहेर पडतं. पहिल्या क्षणापासून स्वतःचं स्वतः. एवढं ऐकून आतल्या खोलीच्या दारात उभी असलेली भाची एकदम म्हणाली, "बरं आहे बाई हिचं. डबा भरून ठेवला की मोकळी. पुरतं का, पुरतं का म्हणून विचारायला कुणी येत नाही."

मग ती हसली. आम्ही आल्यापासून पहिल्यांदा.

आणि गाबोळीचं उत्तर? तेही मिळालं. बांगड्याच्या मादीच्या पोटातली अंडी हजारांच्या, लाखांच्या हिशेबात. त्यातली फार थोडी जगतात, पण तेवढ्यानं समुद्राचा संसार भागतो. मोरीचं तसं नाही. वयात यायला वेळ घेणारी, थोडकी पिल्लं देणारी. बांगड्याची गाबोळी खाल्ली तर आपण पसाभर धान्यातली चिमूट घेतली. पोटुशी मोरी कापली तर बियाण्याचीच मडकी फोडली. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यांनी तिची राहायची जागाच जाते, ते वेगळंच. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेनं या राखी बांबू शार्कची नोंद आता धोका असलेल्या जातींत केली आहे. व्हेल शार्कला २००१ पासून कायद्याचं संरक्षण आहे. असा संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर महाराष्ट्रात २०१८ पासून मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. या धाकटीच्या वाट्याला असलं कवच नाही. तिला वाचवलं तर एखाद्या आयेनंच.

आम्ही सगळे तिला सोडायला गेलो. तो मुलगा होडीनं खडकांच्या बाजूला घेऊन गेला, मी सोबत. बादली कलती केली. एक क्षण ती तशीच पडून राहिली, मला वाटलं संपलं. मग शेपटीची एक लाट उठली नि ती सरळ खाली गेली. पाणी इतकं स्वच्छ होतं की बराच वेळ तिची सावली दिसत होती. ती जगली की नाही, पिशव्या ठेवल्या की नाही, कोण सांगणार?

आता तुम्ही विचाराल, बाळाचं काय? तर मैत्रिणींनो, मोरीवाचून काही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही भाचीला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या सिस्टरनं बाळाला पाजताना पाहिलं आणि चूक पाच मिनिटांत दाखवली. बाळ नुसतं टोक धरत होतं. स्तनाचा काळसर भाग तोंडात भरेल असं, पोटाला पोट लावून धरायचं. रात्र धरून दिवसात आठ ते बारा वेळा पाजायचं. बाळ जेवढं ओढील तेवढं दूध उतरतं, दूध वाढवायचा सगळ्यांत खात्रीचा उपाय तोच. बाळंतिणीला पोटभर साधं जेवण, पाणी, झोप आणि चार गोड शब्द. बहिणीनं त्या दिवशी पाहुण्या बायकांना बाहेरच्या ओटीवरच चहा दिला. आठवड्यानं फोन आला, वजनाचा काटा हलला होता.

कोल्हापूरला परतल्यावर मी आणखी थोडं वाचून काढलं. ते तुम्हांला सांगितलंच पाहिजे, कारण मोरीनं दूध वाढतं ही समजूत आपल्या सगळ्या किनारपट्टीवर आहे. समुद्रातला पारा लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातो. शार्क जितका मोठा नि वयस्क, तितका पारा जास्त. तो बाळाच्या वाढत्या मेंदूला घातक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शार्क टाळावा, असंच सांगितलं आहे. लहान मुशीत पारा कमी असणार, पण बाजारात तुकडा हातात आला की तो दोन फुटीचा की सहा फुटीचा, कसं कळणार? त्यापेक्षा तारली, पेडवे, बांगडे घ्यावेत. स्वस्त, ताजे आणि बाळंतिणीला चांगले. हे मी फोनवर आयेंच्या कानी घातलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "आमका कोणी सांगूक नाय गो बाय." त्या आवाजात राग नव्हता. पाच बाळंतपणं आणि आईच्या हातचं कालवण, ते खोटं कसं म्हणायचं? मी म्हटलं, "आये, तुमच्या आवशीनं मायेनं घातलं, ते लागलंच अंगाला." त्या हसल्या.

घरातल्या बाकीच्यांसाठी मोरी करायचीच असेल तर दोन गोष्टी सांगते. तुकडा नाकाशी धरावा. नवसागरासारखा उग्र दर्प आला तर ती शिळी, परत करावी. कातडी वाळूच्या कागदासारखी खरखरीत असते. उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून सुरीनं खरवडली की निघते. मग हळद, मीठ नि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवली की उरलासुरला वास जातो. आणि घेताना वीतभर पिल्लांचा वाटा किंवा पोट फुगलेली मादी दिसली तर हात आखडता घ्यावा. मासेवाली काय आणते ते आपण काय उचलतो यावर ठरतं. पाटीतलं गिऱ्हाईक आपणच असतो.

मी स्वतः अजून मोरी केली नाही. कधी करणारच नाही अशी शपथ मात्र घेतलेली नाही, खोटं कशाला सांगू. ती चामड्याची पिशवी स्वयंपाकघराच्या फडताळात मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली आहे. परवा सून म्हणाली, "आई, हे काय जपून ठेवलंय?"

म्हटलं, "पाळणा आहे. रिकामा झालेला."